लेकीला स्पर्शाचं इंजिनियरिंग करायचंय

प्रश्न : मी हिंदमाताला कापडाच्या दुकानात काउंटरवर असतो. सूटिंग-शर्टिंग. सगळी हयात त्यातच गेली. मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर, ऐरोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. पगार बरा आहे, पण शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. आता म्हणते, नोकरी सोडते आणि हॅप्टिक्स शिकते. म्हणजे मशीनमधून स्पर्श कळवायचा. गेल्या महिन्यात मित्राचा तो डोळ्यांवर चढवायचा हेडसेट घरी घेऊन आली. मी लावला. समोर पितळेची घागर, अगदी खरीखुरी. उचलायला गेलो तर हात आरपार. बायको हसून हसून बेजार झाली. मला मात्र धडकीच भरली. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. संपानंतर घरी बसले ते कायमचेच. चांगला चालता धंदा कसा बसतो ते मी पाहिलंय, आणि हा तर धड धंदाही वाटत नाही. हे असलं काम कोण करतं? त्यावर पोट भरतं का? तिला अडवू की जाऊ देऊ? शिवाय तिचं लग्नाचं वय झालंय, ते वेगळंच.
– एक वडील, परळ

उत्तर :

नमस्कार. लग्नाचा विषय आधी बाजूला ठेवते. तुम्हीही तो पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलाय, त्यावरून तो खरा प्रश्न नाही हे दिसतंच. तिला विचारा, ती सांगेल. मला घागरीबद्दल बोलायचंय.

हात आरपार गेला, कारण त्या हेडसेटला फक्त डोळे आणि कान फसवता येतात. घागर हाताला लागायची तर तिने हाताला उलटा रेटा द्यायला हवा. रेटा द्यायचा म्हणजे कुठल्या तरी मोटरने, तारेने किंवा दांड्याने तुमचा हात अडवायला हवा, तोही बरोबर त्या जागी आणि बरोबर तेवढ्याच जोराने. यातला सगळ्यात अवघड भाग वेगाचा आहे. डोळ्यांना सेकंदाला 90 चित्रं दाखवली की त्यांचं समाधान होतं. हाताला कठीण वस्तूचा भास द्यायचा तर मोटरला सेकंदाला साधारण 1000 वेळा नवा हिशेब पोचवावा लागतो. जरा उशीर झाला की पितळ लिबलिबीत लागतं, नाहीतर सगळं यंत्रच हातात थरथरायला लागतं. तुमच्या मुलीला जे शिकायचंय ते हे आहे. त्यात मोटर आली, गणित आलं आणि माणसाची कातडीही आली. हेडसेटचा यात वाटा थोडाच.

‘कोण करतं’ असं तुम्ही विचारलंय. सुरुवात खेळापासून झाली नाही, अणुभट्टीपासून झाली. अमेरिकेतल्या अर्गॉन प्रयोगशाळेत किरणोत्सारी माल हाताळायचा होता. त्याला हात लावणं म्हणजे मरण. तेव्हा रेमंड गोर्ट्झ नावाच्या इंजिनियरने 1940 च्या दशकाअखेरीपासून जाड भिंतीपलीकडे चालणारे यांत्रिक हात बनवले. अलीकडे माणूस मूठ हलवतो, पलीकडे यंत्राची मूठ हलते, आणि पलीकडची वस्तू घट्ट आहे की सैल ते अलीकडच्या माणसाच्या हाताला कळतं. पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी अर्गॉनचेच असे हात आणले आणि 1967 पासून ते कॉम्प्युटरला जोडायच्या मागे लागले. एक रेणू दुसऱ्या रेणूच्या खाचेत बसवताना होणारी ओढाताण रसायनशास्त्रज्ञाच्या हाताला जाणवावी, असा त्यांचा मानस होता. कॉम्प्युटर एवढे मंद होते की मनासारखं काम व्हायला वीसेक वर्षं गेली. माणसाने धीर सोडला नाही.

त्याच सुमाराला आयव्हन सदरलँड यांनी 1968 मध्ये डोक्यावर घालायचा पहिला पडदा तयार केला. एवढा अवजड की छताला टांगून ठेवावा लागायचा. याच गृहस्थाने तीन वर्षं आधी लिहून ठेवलं होतं की पुढेमागे अशी खोली निघेल, जिच्यात कॉम्प्युटरने दाखवलेल्या खुर्चीवर माणसाला खरोखर बसता येईल. अजून तरी कोणाला बसता आलेलं नाही. तेव्हा तुमचा हात आरपार गेला यात ओशाळण्यासारखं काही नाही.

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला थॉमस मॅसी नावाचा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक केनेथ सॅलिसबरी यांनी टेबलावर मावेल असं यंत्र केलं. बोट एका टोपणात घालायचं आणि पडद्यावरच्या वस्तूवरून फिरवायचं; वस्तूचा कठीणपणा बोटाला कळतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी ते विकत घेतलं. हे मॅसी पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले, म्हणजे या क्षेत्रात शिरलं की बाहेरचा रस्ता बंद, असंही नाही. एमआयटीतच स्पर्शाची प्रयोगशाळा उभी करणारे मंदायम श्रीनिवासन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) शिकलेले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला टॉम कार्टर आणि श्रीराम सुब्रमण्यम यांनी तर हातात काहीच न देता, नुसत्या अल्ट्रासाउंडच्या लहरी तळहातावर एकवटून हवेत स्पर्शाचा भास निर्माण केला. त्यातून 2013 मध्ये कंपनी निघाली. या लहरींनी घागर उचलता येणार नाही, तो स्पर्श फुंकरीएवढा हलका असतो, पण बटण दाबल्याचं कळतं. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये स्पर्शाची प्रयोगशाळा आहे. आणि पवईला, आयआयटी मुंबईत, सुभाषीश चौधुरी यांनी बरीच वर्षं याच विषयावर संशोधन केलंय. ते पुढे तिथले संचालकही झाले. परळहून पवई काही फार लांब नाही.

आता तुमच्याबद्दल बोलते. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच अडकले.

गिऱ्हाईक समोर उभं राहतं, ताग्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, छान मऊ आहे. तुम्ही काय करता? कडेचा कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळता. मग मुठीत चुरगळून सोडता आणि घडी किती वेळात उलगडते ते बघता. दोन्ही हातांत धरून तिरका ताणता. खळीचा ताठपणा कुठला आणि सुताचा कुठला, पॉलिएस्टर किती मिसळलंय, दोन धुण्यांनंतर याचा पोत कसा होईल, हे तुम्हाला लेबल न वाचता कळतं. कसं कळतं ते सांगा म्हटलं तर बहुधा सांगता येणार नाही.

जपानमध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुएओ कावाबाता यांनी 1970 च्या दशकात हेच सांगायचा विडा उचलला. त्यांनी कापडउद्योगातले मुरलेले पारखी एकत्र आणले आणि त्यांच्यापुढे सूटिंगच्या कापडांचे नमुने ठेवले. हात फिरवून सांगा, ताठपणा किती, गुळगुळीतपणा किती, भरीवपणा किती. पारख्यांचं एकमत झालं ते नमुने प्रमाण धरले. मग कावाबातांनी यंत्रं बनवली. एक कापड ताणून आणि तिरकं ओढून बघतं, एक वाकवतं, एक दाबतं, एक पृष्ठभागावर टोक फिरवून घर्षण आणि खडबडीतपणा मोजतं. या आकड्यांवरून पारखी काय म्हणेल त्याचा अंदाज बांधायचा. ती पद्धत कापडाच्या प्रयोगशाळांत आजही वापरतात. यंत्र आलं ते पारख्यांच्या मागून. पारखी नसते तर यंत्राने नेमकं काय मोजायचं हेच कळलं नसतं.

तुम्ही कापड चोळून बघता, नुसतं बोट टेकवून कधीच बघत नाही. का ते ठाऊक आहे? डेव्हिड कात्झ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1925 मध्येच लिहून ठेवलंय की बारीक पोत कळायला बोट फिरावं लागतं. बोट फिरलं की कातडीत कंपनं उठतात, आणि ती टिपणाऱ्या पेशी आणि गाठी वेगवेगळ्या आहेत. खोलवर असणाऱ्या, पॅचिनी नावाच्या गाठी सेकंदाला 250 च्या आसपासची कंपनं सगळ्यात चांगली पकडतात. पॉपलिन आणि टेरिकॉटवर डोळे मिटून नुसतं बोट ठेवा, हलवू नका. भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. अर्धा इंच सरकवा, लगेच कळतो. (कातडीला दाब मुळात कळतो कसा, तो रेणू शोधून काढणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. एवढी मूलभूत गोष्ट, आणि उलगडा आत्ता कुठे झाला.)

या कंपनांचाच फायदा ही इंजिनियर मंडळी उठवतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन कुखनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखणीला कंपनमापक लावून ती 100 वेगवेगळ्या पृष्ठभागांवर फिरवली. त्यात कागद, लाकूड, दगड, कापड सगळं आलं. नोंदलेली कंपनं 2014 मध्ये त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली. आता गुळगुळीत काचेवर लेखणी फिरवताना आतली छोटी मोटर तीच कंपनं परत वाजवते आणि हाताला खडबडीत लागतं. मुलीच्या ऑफिसात कोणाकडे 2015 नंतरचा मॅकबुक प्रो असेल तर तिला एक गंमत करायला सांगा. लॅपटॉप चालू असताना खालची माउसची पट्टी दाबली की टक् असं दबल्यासारखं वाटतं. पूर्ण बंद करून दाबा, काहीच होत नाही. ती पट्टी खाली जातच नाही. आतलं विद्युतचुंबक बोटाला एक आडवा धक्का देतं आणि मेंदू समजतो, दबलं.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की या क्षेत्रात मोटर बनवणारे पुष्कळ आहेत. हाताला नेमकं काय कळतं हे जाणणारे मोजके. तुमच्या लेकीच्या घरात तसा एक माणूस आहे आणि ती त्याच्याशी नोकरी सोडण्यावरून भांडतेय.

पोट भरण्याचं बघू. इथे मी तुमच्या बाजूने आहे. हेडसेटच्या जगात पैसा येतो तसाच जातोही. फेसबुकने 2014 मध्ये ऑक्युलस ही हेडसेटची कंपनी 2 अब्ज डॉलरला घेतली. आज मेटा म्हणवणाऱ्या त्या कंपनीच्या या विभागाला 2023 या एका वर्षात 16 अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मायक्रोसॉफ्टने आपल्या हेडसेटचं उत्पादन 2024 मध्ये थांबवलं. जो कोणी तुमच्या मुलीला सांगेल की पाच वर्षांत सगळं जग हा हेडसेट लावून बसणार आहे, त्याचं बोलणं तिने ऐकून सोडून द्यावं. एक-दोन लाख घेऊन सहा महिन्यांत मेटाव्हर्स एक्स्पर्ट करणाऱ्या क्लासांना तर दारातूनच नमस्कार करावा.

पण स्पर्शाचं काम हेडसेटवर अवलंबून नाही. फोनमधला थरकाप, खेळाचा रिमोट, गाडीच्या काचेच्या पडद्यावरचं न दबणारं बटण, सगळीकडे हे काम आहे. ऑपरेशन करणारा दा विंची रोबो अमेरिकेत 2000 साली मंजूर झाला. त्यावर बसलेल्या सर्जनला टाक्याचा दोरा किती ताणला गेलाय हे हाताला कळत नव्हतं, डोळ्यांनी ताडावं लागायचं. हाताला ताण कळवणारी पहिली आवृत्ती 2024 मध्ये आली. एवढ्या महागड्या यंत्रात ही गोष्ट यायला दोन तपं लागली, यावरून काम किती शिल्लक आहे ते कळेल. आणि मुंबईतच बघायचं तर इनोव्हिजन नावाच्या छोट्या कंपनीने ब्रेलचं यंत्र केलं. नेहमीच्या यंत्रांत ठिपके वर उचलायला दाबविजेचे, म्हणजे वीज दिली की किंचित वाकणारे, महागडे स्फटिक वापरतात. यांनी चुंबकावर काम भागवून 20 अक्षरांची ओळ बरीच स्वस्तात आणली. हेडसेट नाही, चकचकाट नाही. पण अंध मुलाच्या बोटाखाली अक्षरं उमटतात, आणि त्याला खरं गिऱ्हाईक आहे.

तुमच्या वडिलांचा विषय मी टाळणार नाही. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि त्यातल्या किती घरांत पुढे काय झालं हे परळमध्ये राहणाऱ्या माणसाला मी सांगायची गरज नाही. भीती रास्त आहे. पण साच्यावरच्या माणसाला गिरणीबाहेर साचा कुठून मिळणार? मुलगी जे शिकेल, म्हणजे मोटर काबूत ठेवणं, सेन्सर वाचणं, छोट्या चिपवर वेगाने चालणारा प्रोग्रॅम लिहिणं, ते एक कंपनी बुडाली तरी दुसरीकडे चालतं. ते हत्यार तिच्याजवळच राहतं. पगार पहिली दोन-तीन वर्षं आत्तापेक्षा कमी असेल, हे मात्र गृहीत धरा. शिवाय हॅप्टिक्स इंजिनियर अशी जाहिरात आपल्याकडे क्वचितच दिसेल. एम्बेडेड, मेकॅट्रॉनिक्स, इंटरॅक्शन डिझाइन अशा नावांखाली हे काम लपलेलं असतं. शोधायची सवय तिने आत्तापासून लावून घ्यावी.

आता करायचं काय?

राजीनामा आत्ता नको. एवढं तिला माझ्या नावावर सांगा; रागावली तर माझ्यावर रागावू दे. टेस्टिंगच्या नोकरीतून थेट उडी मारण्याआधी तिला हे काम आवडतं का, की हेडसेटमधली घागर आवडली, हे तिचं तिला कळायला हवं. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही, रविवार लागतो. स्टॅनफर्डच्या अ‍ॅलिसन ओकामुरा यांच्या प्रयोगशाळेने हॅपकिट नावाचं छोटं यंत्र बनवून त्याचे आराखडे सगळ्यांना खुले केलेत. एक मोटर, एक दांडा, प्लास्टिकचे छापलेले भाग. दांडा हाताने ढकलायचा आणि प्रोग्रॅमने मध्येच एक न दिसणारी भिंत उभी करायची. भिंत ठणठणीत लागेपर्यंत मुलांचा घाम निघतो; मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवताना अशाच मोटरशी झटणारी पोरं पाहिलीत. आधी स्प्रिंगसारखी मऊ लागते, कडक करायला गेलं की करवतीसारखी घरघरते. ही घरघर घालवताना जिला जेवायची शुद्ध राहत नाही, तिने या वाटेला जावं. सामान लॅमिंग्टन रोडला मिळेल. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जावं, पहिल्याच दुकानात घेऊ नये, आणि मोटर दोन घ्याव्यात, कारण एक जळणारच.

दुसरं काम तुम्हा दोघांचं. दुकानातले कटपीस घरी आणा. तिने एका पेनला कंपनमापक चिकटवावा, तो शे-दोनशे रुपयांत येतो, आणि प्रत्येक तुकड्यावर पेन फिरवून नोंद घ्यावी. मग फोनच्या आत असते तशी छोटी मोटर दुसऱ्या पेनला लावून ती कंपनं वाजवावीत. तुम्ही डोळे मिटून सांगायचं, हे खादी, हे पॉपलिन, हे काहीच नाही. चुकलं तर चुकलं म्हणा, लेकीचं मन राखायला खोटं बोलू नका. तुमच्या काउंटरवरच्या जुन्या सहकाऱ्यांनाही बसवा. कोणाचा हात कशाला फसतो आणि कशाला अजिबात फसत नाही, हे तिने वहीत लिहून काढलं तर उद्या प्रवेशाच्या मुलाखतीला डिग्रीपेक्षा ती वही जास्त बोलेल.

तिसरं, तिने अशा लोकांना भेटावं ज्यांचं जगणंच बोटांवर चालतं. सेंट झेवियर्स कॉलेजात 2003 पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र आहे, वरळीला नॅब ही अंधांसाठी काम करणारी संस्था आहे. आधी रीतसर परवानगी मागावी, आणि यंत्र दाखवायला म्हणून न जाता त्यांना कुठे अडतं ते विचारायला जावं. हुशार मुलं बऱ्याचदा उत्तर खिशात घेऊन जातात आणि मग प्रश्न शोधत बसतात. अंध माणसांना अशा उत्साही पाहुण्यांचा पुरेपूर अनुभव असतो, तिथे ही हुशारी चालत नाही.

एवढं झाल्यावर, साधारण वर्षाने, शिक्षणाचं ठरवा. दोन सरळ रस्ते आहेत. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक., त्यात प्रवेश मिळाला तर दरमहा विद्यावेतन असतं. किंवा सीड ही परीक्षा देऊन डिझाइनकडे. आयआयटी मुंबईची आयडीसी ही डिझाइनची शाळा 1969 पासून आहे. हवेत हात हलवून कॉम्प्युटर चालवून दाखवणारे प्रणव मिस्त्री तिथूनच पुढे एमआयटीला गेले. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला पहिला रस्ता सोपा, दुसऱ्यात माणसांशी जास्त संबंध येतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण निर्णय तिचा. परदेशाचा विचार विद्यावेतन किंवा शिष्यवृत्ती हातात असेल तरच करा. एक कर्ज फिटायच्या आत दुसरं काढून मुळीच नाही.

राहिले हप्ते. या वर्षात तिने पगारातून दरमहा थोडी जादा रक्कम मुद्दलात भरावी, आणि बँकेत जाऊन पुढच्या शिक्षणाच्या काळात हप्ते पुढे ढकलता येतात का ते लेखी विचारावं. तोंडी ‘हो मॅडम, होऊन जाईल’ यावर जाऊ नये. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला आणि प्रवेशाचं पत्र हातात आलं, की राजीनामा द्यायला हरकत नाही. नोटीस पीरियड किती आहे तेवढं ऑफर लेटरमध्ये आत्ताच बघून ठेवायला सांगा. कंपन्या तीन महिने धरून ठेवतात आणि कॉलेज जुलैत सुरू होतं.